चौथी कुंडी

“दालची कुंडी मागं घेऊ नको रे. पुढंच राहू दे. तालुकदारसाहेब आले की आधी तीच दिसली पाहिजे,” आबासाहेब म्हणाले आणि काठी टेकत मंडपाच्या दुसऱ्या टोकाला गेले.

बन्सीधर माळ्याने सावलीत सरकवायला उचललेली कुंडी पुन्हा होती तिथे ठेवली. मालकांच्या पाठीकडे बघत तो तसाच उभा राहिला. मग इकडेतिकडे कोणी नाही असं बघून त्याने कमरेचा ओला फडका कुंडीवर पिळला. दहा वाजायला आले होते. माघातलं ऊन चढत होतं, आणि दालची चिठ्ठी लावलेल्या त्या कुंडीत जे डौलात उभं होतं त्याला मूळच नव्हतं.

हे फक्त बन्सीधरला ठाऊक होतं, कारण ते पहाटे त्यानेच खोवलं होतं.

परभणीच्या बड्या बागाईतदारांची एक अंजुमन होती. बन्सीधर तिच्या बागेत माळी होता, पण कच्च्या नोकरीवर. दर माघात अंजुमन धान्याच्या मोंढ्यामागच्या मैदानावर फळाफुलांची नुमाइश भरवी, आणि त्यात शाळेतल्या मुलांसाठी ‘पारख’ ठेवी. एका जिनसाचे चार नग ओळीने मांडायचे, त्यांना अलिफ, बे, जीम, दाल अशा उर्दू अक्षरांच्या चिठ्ठ्या लावायच्या. मुलांनी बघून पहिला कोणता, शेवटचा कोणता ते कागदावर लिहायचं आणि वर ‘का’ ते तोंडाने सांगायचं. चार पेरू, चार मोसंबी, केळीच्या चार फण्या, मिरचीची चार रोपं, आणि शेवटी सगळ्यांत जास्त गुणांची रांग, मोसंबीच्या चार कलमांची. खरा क्रम अंजुमनीचे सेक्रेटरी आबासाहेब सकाळीच लावून लखोट्यात बंद करत. तो लखोटा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आदल्या संध्याकाळी बैलगाडीतून उतरवताना चारातलं एक कलम बांधलेल्या जोडापाशीच मोडलं. बन्सीधर तो तुकडा घेऊन आबासाहेबांकडे गेला, तर ते जिल्ह्याच्या तालुकदारांच्या खुर्च्यांच्या काळजीत. “चार म्हणजे चार पाहिजेत. बघ काहीतरी. ऐन वक्ताला माझं नाक कापू नको,” एवढं बोलून त्यांनी त्याला वाटेला लावलं. बागेत दुसरं तयार कलम नव्हतं. मग पहाटे बन्सीधरने जुन्या झाडाची बोटाएवढी जाड, पानांनी भरलेली फांदी कापली, कुंडीतल्या ओल्या मातीत दाबून बसवली, आणि चार कुंड्या झाल्या. जो कोणी खाली वाकून बघेल तो हिला शेवटचाच नंबर देईल, मुलंही देतील, तेव्हा कोणाचं काही बिघडत नाही, असा त्याचा अंदाज होता. अंदाज बरोबरच होता. फक्त आबासाहेब खाली वाकले नाहीत.

त्यांचे गुडघे दुखत, आणि दोनशे मोसंबीझाडांच्या मालकाने कुंडीपुढे वाकायचं हे त्यांना शोभणारंही नव्हतं. उभ्या उभ्या एक नजर टाकून ते म्हणाले, “वाहवा, काय तजेला हाय!” आणि कागदावर लिहिलं: दाल, अलिफ, जीम, बे. मग लखोट्याला लाख लावली.

बन्सीधरने तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. त्या दिवशी बक्षिसांनंतर त्याला कायम माळी केल्याचं मंडपातून जाहीर होणार होतं, आणि कायम माळ्याला बागेतल्या विहिरीजवळची खोली मिळे. त्याची बायको बायनाबाई गेली नऊ वर्षं दर पावसाळ्यात कुणाच्या तरी ओसरीवर बिऱ्हाड हलवत होती. आज ती ठेवणीतलं लुगडं नेसून बायकांच्या कनातीत येऊन बसली होती. तोंड उघडावं तर त्या लुगड्याकडे लक्ष जाई.

पारखेला सात शाळा आल्या होत्या. त्यांत पेडगावची शाळा बन्सीधरच्या हाताखालची. अंजुमनीनेच त्याला तिकडे पोरांना शिकवायला नेमलं होतं. जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, शाळेला सुट्टी, पण तो सकाळच्या गाडीने पेडगावला उतरला की शाळेमागच्या वाफ्यापाशी पोरं आधीच हजर असत. त्याला लिहिता वाचता येत नव्हतं. त्याचं शिकवणं म्हणजे चार रोपं मांडायची आणि पोरांना उकिडवं बसवायचं.

“आधी बुडखा बघा, मंग शेंडा,” तो म्हणे. “शेंडा सगळ्यांलाच आवडतो. जनावराला बी आवडतो.”

नुसतं ‘चांगलं दिसतंय’ असं जो म्हणेल त्याने विहिरीवरून एक घागर पाणी आणून वाफ्याला घालायचं, हा त्याचा दंड. पहिल्या महिन्यात सगळ्यांत जास्त घागरी सटवाजीच्या छबूने वाहिल्या. बारा वर्षांची, चौथीतली पोर, तोंडाची फाटकी, आणि जे दिसेल ते बोलून मोकळी होणारी. दुसऱ्या महिन्यात तिची घागर बंद झाली. तिसऱ्या महिन्यात तीच बाकीच्यांना पाणी आणायला पिटाळू लागली, तेव्हा बन्सीधरला तिला आवरावं लागलं.

मोसंबीच्या कलमाचं त्याने तिला एकच सांगितलं होतं. खालचा खुंट जंबेरी लिंबाचा, वरचं झाड मोसंबीचं. जिथे मोसंबीचा डोळा खुंटावर बांधतात ती जागा आधी शोधायची. ती मातीच्या वर, वीतभर तरी हवी. मातीत गेली की तिथून डिंक गळतो, साल कुजते आणि तीनचार वर्षांचं झाड मालकाच्या डोळ्यांदेखत बसतं.

अकरा वाजता मुलांना कलमांच्या रांगेपाशी सोडलं. शहरातली मुलं हात मागे बांधून, बूट वाजवत एक फेरी मारून गेली. पेडगावची पाच पोरं कुंड्यांसमोर फतकल मारून बसली, तसा कुणीतरी हसला. बाकीची चौघं ओशाळून लगेच उठली, छबू सगळ्यांत शेवटी. कारण ऐकायला आबासाहेबांनी नेमलेला कारकून भुजंग बसला होता. त्याने दौतीत बोरू बुडवून विचारलं, “शेवटची कोणती?”

“दाल.”

“दाल?” भुजंगने मान वर केली. “काऊन?”

“डोळा दिसंना. मातीत गाडलेला दिसतोय. पानं लय चांगली हायत, पण दोन सालात बसंल.”

बन्सीधर चार हातांवर झारी घेऊन उभा होता. त्याला तिचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी लखोट्याची आठवण झाली. फांदीला मूळ नाही हे पोरीने ओळखलं नव्हतं. ओळखायचं कारणही नव्हतं. तिने फक्त शिकवलं तेवढं बघितलं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

दुपारी लखोटा फुटला. पहिल्या चारही रांगांत छबूचे गुण सगळ्यांच्या वर होते. कलमांच्या रांगेत तिला भोपळा मिळाला. शहरातल्या एका शाळेचा चंद्रभान पहिला आला आणि छबू चौथी गेली. पेडगावचे माणिकराव मास्तर हिरमुसून म्हणाले, “सगळं जग पहिलं म्हणायलंय तिला तू शेवटची म्हणतीस. जरा दुसऱ्यांकडं बघावं की.”

छबू रडली नाही. ती सरळ बन्सीधरला शोधत आली. तो मंडपामागे दालच्या कुंडीवर पोत्याची सावली धरून तिसऱ्यांदा पाणी शिंपडत होता. शेंड्याची दोन पानं कडेने मुडपायला लागली होती.

“काका, म्या चुकले का?”

“जा, माय. जेव आधी. मास्तर शोधायलेत.”

“जेवते. चुकले का ते सांगा.”

बन्सीधर पोत्याशी चाळा करत राहिला.

“न्हाई, म्हंजे कसं हाय,” छबू म्हणाली, “दादानी दोन कलमं इकत घेतलीत. उद्या लावायचीत. दादा म्हणले, तू पारखेला बघून ये, तू म्हणशील तसं लावू. तर मंग डोळा मातीत गाडायचा सांगू का?”

तिने हे कुत्सितपणे विचारलं असतं तर बन्सीधरने वेळ मारून नेली असती. पण ती खरंच विचारत होती. मालकांनी ठरवलं म्हणजे तसंच असणार, काकांचं शिकवणं जुनं झालं असणार, असा तिचा सरळ हिशेब होता. तिच्या दादाचं, सटवाजीचं, कोरडवाहू रान त्याने पाहिलेलं होतं. विहिरीला जेमतेम पाणी, त्यातलं दोन झाडांपुरतं बाजूला काढलेलं. ही पोर घरी जाऊन सांगणार, बाप खड्डा खोल घेणार, डोळ्यापर्यंत माती ओढणार, आणि तीन वर्षं कळशीने पाणी घालून झाड बसलं की कपाळाला हात लावणार. बन्सीधरला स्वतःची अशी चीड आली की हातातलं पोतं त्याने खाली टाकलं.

“गाडायचा न्हाई,” तो म्हणाला. “तू चुकली न्हाईस. हितंच थांब.”

आबासाहेब राहुटीत जेवण उरकून पान लावत बसले होते. शेजारी भुजंग बक्षिसांची यादी सुवाच्य करत होता. बन्सीधरने दालची कुंडी त्यांच्यापुढे ठेवली, फांदी दोन बोटांत धरली आणि वर उचलली. ती अलगद निघून आली. खाली तिरपा, स्वच्छ काप.

“मालक, ही डहाळी हाय. कलम न्हाई. पहाटं म्या खोवली.”

आबासाहेबांच्या हातातलं पान तसंच राहिलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. माणूस वाईट नव्हता. पण चार तालुक्यांचे लोक ज्याच्या नजरेची शपथ घेतात त्याने मुळाविना डहाळीला पहिला नंबर दिला, आणि तासाभरात तालुकदार यायचे होते.

“तू मला सकाळी सांगितलं न्हाईस.”

“न्हाई सांगितलं. तुमी शेवटचा नंबर द्याल वाटलं.”

हे बोलायला नको होतं, पण बोलून गेला. मग भुजंगने बोरू कानावर ठेवला.

“मालक, एक बघा. सगळ्या शाळांत दालला शेवटचं म्हणणारी ही एकच पोरगी, आन ती याच्याच हाताखालची. यानंच खोवली, यानंच तिला सांगितलं. सरळ हाय.”

“म्या तिला काई सांगितलं न्हाई!” बन्सीधर ओरडलाच. नऊ वर्षांच्या नोकरीत त्याचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता.

“लोक असंच म्हणतील,” आबासाहेब शांतपणे म्हणाले, आणि ते खरं होतं. “रांग रद्द करतो. पोरगी बी बाद. सगळी लबाडी एका ठिकाणी निपटून टाकू.”

आपल्यामुळे पोर लबाड ठरते हे बन्सीधरच्या डोक्यातही आलं नव्हतं. खरं बोललं की तिचं आपोआप भलं होईल एवढ्यावरच तो चालत आला होता. तो खाली बसला, जसा कुंडीसमोर बसे तसा, आणि म्हणाला, “मालक, म्या लिवून देतो. तुमाला धोका दिला म्हणून देतो. तुमी चार आणायला सांगितलं ते बी बोलत न्हाई. पण पोरीला सांगितलं न्हाई हे त्याच्यात पाहिजे. आन तिचे गुण तिला द्या.”

आबासाहेबांनी हातातलं पान खाली ठेवलं. त्यांना यातून वाट दिसली. माळ्याने फसवलं, म्हणून क्रम चुकला, म्हणून दुरुस्त केला. दाल शेवटी टाकली की बाकी तिन्हींचा क्रम होता तसाच राहतो. नाक शाबूत.

“खोली मिळणार न्हाई मग,” ते म्हणाले.

“ठाऊक हाय.”

भुजंगने उर्दूत भराभर जबाब लिहिला आणि शाईची डबी पुढे केली. “लाव अंगठा.”

“वाचून घेतो.”

“म्या वाचतो की.”

“तुमी लिवलंय. दुसऱ्यानं वाचू द्या.”

“मग मास्तरला बोलावू.”

“मास्तर भिडस्त माणूस हायत. तुमाला बरं वाटंल असं वाचतील,” बन्सीधर म्हणाला. “छबूला बोलवा. तिला उर्दू येतंय.”

छबू आत आली. जमिनीवर पडलेली फांदी, तिचा काप, रिकामी कुंडी, सगळं तिने एका नजरेत बघितलं आणि तिचे डोळे मोठे झाले. मग तिने कागद घेतला आणि बोट ठेवत, अडखळत वाचू लागली. उर्दू ओळ वाचायची आणि मराठीत सांगायची, शाळेतल्यासारखं.

“मी, बन्सीधर वल्द लिंबाजी, पेशा माळी... मोसंबीच्या कलमाच्या जागी डहाळी... मालकांना धोका द्यायच्या इराद्यानं...” ती थांबली. “काका, हे खरं न्हाई.”

“म्होरं वाच.”

“...लावली. हा कसूर फक्त माझा हाय.” तिने कागद उलटा करून बघितला. “संपलं.”

“आणिक काय?”

“आणिक काई न्हाई.”

बन्सीधरने भुजंगकडे बघितलं नाही, आबासाहेबांकडे बघितलं. आबासाहेबांनी मान खाली घातली आणि हलकेच म्हणाले, “लिही रे ते वाक्य.”

भुजंगने ओठ आवळून आणखी एक ओळ लिहिली. छबूने ती वाचली. या वेळी अडखळली नाही. “या बाबतीत मी कोण्याबी मुलाला किंवा मुलीला काई सांगितलेलं न्हाई. कोणी ओळखलं असंल तर सोताच्या नजरेनं ओळखलंय.”

शेवटचं वाक्य कोणी सांगितलं नव्हतं. ते भुजंगने आपल्या मनाने घातलं होतं, आणि आता तो नाक पुसण्याच्या मिषाने दुसरीकडे बघत होता.

“हे खरं हाय का?” बन्सीधरने विचारलं.

“हे खरं हाय,” छबू म्हणाली. “पण पहिलं...”

“पहिलं माझं हाय. ते म्या बघतो.” त्याने अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबला, नीट, सगळ्या रेघा उमटतील असा.

चार वाजता तालुकदार आले. मंडपात गर्दी झाली. आबासाहेबांनी भाषणात माळ्याच्या लबाडीचा एका वाक्यात उल्लेख केला आणि पुढे गेले. मग पहिल्या बक्षिसाचं नाव पुकारलं गेलं, “छबू बिन्त सटवाजी, मौजे पेडगाव,” आणि टाळ्या झाल्या. सटवाजी मागे उभा राहून दोन्ही हातांनी पागोटं सावरत होता, जणू ते पडणारच होतं.

बन्सीधर मंडपामागे होता. बायनाबाई कनातीतून उठून त्याच्यापाशी आली. तिने भाषण ऐकलं होतं.

“खोली?”

“न्हाई.”

“नोकरी?”

“ती बी न्हाई वाटतं.”

बायनाबाईने पदर खोचला. “सांगायचं तरी. लुगड्याची घडी कशाला मोडली मंग म्या?” म्हणाली, आणि तिथेच धोंड्यावर बसली. मग तिने विचारलं, “पोरगी पहिली आली ती आपली का?”

“आपलीच.”

“बरं झालं.”

बन्सीधर निघायला वळला आणि थबकला. अलिफ, जीम आणि बे या तीन कुंड्या उन्हात तशाच मांडलेल्या होत्या. माती वरून तडकली होती, पानं मलूल होऊन खाली झुकली होती. सकाळपासूनचं सगळं पाणी त्याने त्या मुळाविना फांदीला घातलं होतं. ही तिन्ही जिवंत कलमं त्याच्या ध्यानातच राहिली नव्हती.

तो झारी घेऊन हौदावर गेला आणि भरून आणली. भुजंग लांबून म्हणाला, “अरे, राहू दे आता, दुसरा माळी येईल.” बन्सीधरने ऐकलं नाही. एकेका कुंडीपुढे बसून त्याने हळूहळू पाणी सोडलं, आणि ते बुडाच्या भोकातून झिरपून जमीन ओली होईपर्यंत तो तिथून उठला नाही.